चार पावलांत काय मोडलं? वाळवंटाची माती बांधून ठेवणाऱ्या जीवाणूची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे' गाळले आहेत. सगळे नाहीत.)

आज आपण एका जीवाणूबद्दल बोलणार आहोत. पण आधी माझी एक चूक सांगतो, कारण हा भाग त्या चुकीमुळेच झालाय.

अमेरिकेत युटा राज्यात मोआब नावाचं छोटं गाव आहे, आणि त्याला लागून आर्चेस नॅशनल पार्क. लाल दगडाच्या नैसर्गिक कमानी तुम्ही फोटोत नक्की पाहिल्या असतील. आम्ही तिघे मित्र लाँग वीकेंडला तिकडे गेलो होतो. ट्रेलच्या सुरुवातीलाच पाटी होती, पायवाट सोडू नका. वाचली. आणि दहाव्या मिनिटाला सोडली. कमान पूर्ण फ्रेममध्ये येईना, म्हणून फोटो काढायला मी चार पावलं बाजूला गेलो. पायाखाली आवाज आला, भाजलेला पापड मोडावा तसा. मागून एक म्हाताऱ्या बाई येत होत्या. त्या ओरडल्या वगैरे नाहीत. माझ्या बुटांकडे बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, "ती माती जिवंत आहे बरं का."

मी 'सॉरी' म्हणून परत पायवाटेवर आलो. पण मनात आलंच, माती जिवंत म्हणजे काय? आणि समजा आहे जिवंत, तरी चार पावलांनी असं काय होणार आहे? आजचा भाग म्हणजे या दोन प्रश्नांचं उत्तर.

काळपट, खडबडीत पापुद्रा

मोआब ज्या भागात येतं त्याला कोलोरॅडो पठार म्हणतात. युटा, कोलोरॅडो, अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांत ते पसरलंय. मोआबला वर्षभरात साधारण २०-२५ सेंटिमीटर पाऊस पडतो. हिवाळ्यात थंडी कडाक्याची, तापमान शून्याखाली जातं. झुडपं दूरदूर. आणि दोन झुडपांच्या मधली जागा रिकामी दिसते, पण रिकामी नसते. तिथे मातीवर काळपट, खडबडीत पापुद्रा असतो. जुना झाला की त्यावर बोटभर उंचीचे सुळके येतात, एखाद्या किल्ल्याचं छोटं मॉडेल ठेवल्यासारखे.

या पापुद्र्यात बरीच मंडळी राहतात. सायनोबॅक्टेरिया, बुरशी, मॉस आणि लायकेन, म्हणजे आपण गोड्या मसाल्यात दगडफूल घालतो ना, त्याचे नातेवाईक. जगभरच्या कोरड्या प्रदेशांत असे पापुद्रे आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पृथ्वीवरच्या जमिनीचा साधारण १२ टक्के भाग त्यांनी झाकलेला आहे.

कोलोरॅडो पठारावरच्या पापुद्र्याचा मुख्य गवंडी एकच आहे. त्याचं नाव मायक्रोकोलिअस व्हॅजिनाटस. हा सायनोबॅक्टेरियम आहे. शाळेत आपण याच गटाला 'नील-हरित शैवाल' म्हणायचो. नावात शैवाल असलं तरी हे शैवाल नाहीत, जीवाणूच आहेत. फक्त झाडांसारखं प्रकाशसंश्लेषण करणारे, ऑक्सिजन सोडणारे. पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन साठू लागला तो याच खानदानामुळे, साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी.

नावाचीही एक गंमत आहे. मायक्रोकोलिअसमधला 'कोलिअस' ग्रीक, व्हॅजिनाटस लॅटिन, आणि दोन्हींचा अर्थ निघतो म्यानाशी जाऊन. तलवारीचं असतं ते म्यान. थोडक्यात नाव झालं 'छोटं म्यान, म्यानवाला'. या जातीचं वर्णन १८०३ सालचं आहे, जिनिव्हाच्या वोशे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेलं. तेव्हाही डोळ्यात भरलं होतं ते म्यानच. आणि पुढची सगळी गोष्ट या म्यानाचीच आहे.

केबल

जीवाणू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकटा-दुकटा ठिपका येतो. हा तसा नाही. याच्या पेशी एकापुढे एक चिकटून लांब धागा तयार होतो. एक धागा चार ते सात मायक्रॉन जाड, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण दहाव्या भागाएवढा. असे अनेक धागे एकत्र पीळ घालून एका म्यानात राहतात. मला पाहिल्या पाहिल्या इथरनेटची केबल आठवली. आत पीळ घातलेल्या तारा, बाहेरून एक आवरण. सुतळी म्हणा हवं तर.

हे आवरण तो स्वतःच बनवतो, साखरेच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्यांपासून. ओलं असताना ते फुगतं आणि चिकट होतं. आजूबाजूचे वाळूचे कण त्याला चिकटतात. वाळलं की कण तसेच पकडलेले राहतात. अशा हजारो केबल मातीत आडव्यातिडव्या पसरल्या की सुट्या वाळूची एक विणलेली चटई तयार होते. वारा आला तर तो एकेक कण उचलून नेऊ शकत नाही, कारण प्रत्येक कण कुठेतरी बांधलेला असतो.

जेन बेलनॅप या अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या शास्त्रज्ञ. मोआबमध्ये राहून त्यांनी अनेक दशकं याच पापुद्र्यांचा अभ्यास केला. १९९३ साली त्यांनी एका सहकाऱ्यासोबत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ही माती बघून हेच दाखवलं: कण धरून ठेवणाऱ्या जाळ्यात मोठा वाटा मायक्रोकोलिअसच्या म्यानांचा आहे. मायक्रोस्कोप नसला तरी चालतं म्हणा. पापुद्र्याचा तुटून पडलेला तुकडा काळजीपूर्वक वर धरला, की खालच्या बाजूला बारीक तंतू लोंबताना दिसतात आणि त्यांना वाळूचे कण लटकलेले असतात.

पाऊस आला की वर, ऊन आलं की खाली

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. हे धागे हलतात. शेपटी नाही, पाय नाहीत, पण म्यानाच्या आत ते सरपटत पुढे-मागे जातात. २००१ साली फेरान गार्सिया-पिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने 'नेचर'मध्ये दाखवलं, की हे पाण्याच्या मागे जातात. माती भिजली की वर पृष्ठभागावर येतात. वाळायला लागली की पाण्यासोबत पुन्हा खाली. पावसानंतर मघाशी भुरी दिसणारी जमीन बघता बघता हिरवट होते ती यामुळेच. गवत उगवलेलं नसतं, खालचे रहिवासी वर आलेले असतात.

वरच का राहत नाहीत? प्रकाश तर वरच आहे. कारण ऊन. पठारावरचं ऊन प्रखर असतं आणि त्यात अतिनील किरण. पापुद्र्यातले नॉस्टॉक, सायटोनेमासारखे काही सायनोबॅक्टेरिया सायटोनेमिन नावाचं गडद रंगद्रव्य बनवतात. ते त्यांचं सनस्क्रीन. जुना पापुद्रा काळा दिसतो तो बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. मायक्रोकोलिअसकडे हे सनस्क्रीन नाही. मग त्याचा उपाय साधा, काम झालं की सावलीत जायचं. दिवसाचा बराचसा वेळ तो मातीच्या वरच्या काही मिलिमीटरांत, पण पृष्ठभागाच्या जरा खालीच असतो.

प्रत्येक पावसाला तो नवीन जागी सरकतो, नवीन आवरण बनवतो आणि जुनं मागे सोडून देतो. साप कात टाकतो तसंच, फरक एवढाच की ही कात वाया जात नाही. रिकाम्या म्यानांनीही वाळूचे कण धरून ठेवलेले असतात. वालुकामय मातीत अशी जुनी म्यानं १० सेंटिमीटर खोलीपर्यंत सापडली आहेत, जिथे प्रकाश पोचतच नाही. मातीची मजबुती बरीचशी पूर्वी तिथे राहून गेलेल्यांच्या सोडलेल्या सामानावर उभी असते. माझ्या पायाखाली आलेला पापुद्रा एका पावसाळ्यात झालेला नव्हता. अनेक वर्षांच्या पावसांचं ते साठलेलं काम होतं.

जागं होण्याचा खर्च

पाऊस कमी म्हणजे या जीवाणूचं वर्षाचं बहुतेक आयुष्य कोरडं जातं. आणि कोरडा असताना तो जगण्याचं जवळपास सगळं काम बंद ठेवतो. खात नाही, वाढत नाही, दुरुस्ती करत नाही.

मग पाऊस पडल्यावर किती वेळात उठतो? २०१३ साली एका गटाने वाळवंटातल्या पापुद्र्याचे तुकडे प्रयोगशाळेत भिजवून मोजलं. श्वसन तीन मिनिटांच्या आत सुरू. प्रकाशसंश्लेषण एका तासाच्या आत. आमच्याकडे एखादा सर्व्हर बंद पडला तर तासाभरात उठला म्हणून आम्ही एकमेकांची पाठ थोपटतो. इथे पूर्ण वाळलेली पेशी तासाभरात उन्हापासून साखर बनवायला लागते.

पण या आकड्यांमध्ये एक अडचणही लपलेली आहे. श्वसन आधी आणि प्रकाशसंश्लेषण नंतर, म्हणजे आधी खर्च आणि मग कमाई. उठायचं, मोडतोड दुरुस्त करायची, यासाठी साठवलेला कार्बन जाळावा लागतो. पाऊस बऱ्यापैकी पडला आणि माती काही तास ओली राहिली, तर खर्च वसूल होऊन वर शिल्लक राहते. पण चार थेंब पडले आणि लगेच ऊन आलं, तर? उठण्याचा खर्च झाला आणि कमाई सुरू होण्याआधीच दुकान बंद. असं पुन्हा पुन्हा झालं तर शिल्लक संपते. याच पठारावरच्या पापुद्र्यातल्या एका मॉसवर असा प्रयोग झालाय. उन्हाळ्यात वारंवार पण अगदी थोडं थोडं पाणी दिल्यावर तो मॉस मोठ्या प्रमाणात मेला. आपल्याला वाटतं वाळवंटात पाणी टाकलं की सगळ्यांचं भलंच होणार. तसं नाही.

एकट्याचं काम नाही

अजून एक गोष्ट. मायक्रोकोलिअसला हवेतला नायट्रोजन वापरता येत नाही. बऱ्याच सायनोबॅक्टेरियांना येतो, म्हणून तर भातशेतीत त्यांचा खत म्हणून उपयोग करतात. याला येत नाही. आणि हा राहतो कुठे, तर जिथे नायट्रोजन आधीच कमी अशा उघड्या वाळूत, सगळ्यात आधी. मग भागतं कसं?

अलीकडच्या काही वर्षांत याचं उत्तर मिळालं. त्याच्या केबलच्या अगदी भोवती दुसऱ्या जीवाणूंची एक वस्ती असते. त्यातल्या काहींना नायट्रोजन पकडता येतो. मायक्रोकोलिअस त्यांना उन्हापासून बनवलेलं अन्न देतो, ते त्याला नायट्रोजन देतात. जमीन अशी थोडी बांधली गेली, थोडी सुपीक झाली, की मग सनस्क्रीनवाले सायनोबॅक्टेरिया, दगडफुलाची भावंडं आणि मॉस येतात. पायाभरणी मात्र याची.

तर मग काय मोडलं?

आता माझ्या चार पावलांकडे येऊ. त्या दिवशी माती कोरडी होती. कोरडं म्यान ठिसूळ असतं. ओलं असतं तर कदाचित थोडं दबलं, ताणलं गेलं असतं. कोरडं होतं, म्हणून कडकन मोडलं. तो पापडाचा आवाज म्हणजे बांधलेलं जाळं तुटण्याचा आवाज होता.

आणि आत्ताच आपण पाहिलं की कोरडा असताना हा जीवाणू काहीच करू शकत नाही. हलता येत नाही, नवीन म्यान बनवता येत नाही. पुढचा चांगला पाऊस येईपर्यंत ती जागा उघडी. मध्ये वारा सुटला तर सुटे झालेले कण उडणार. ते शेजारच्या धड पापुद्र्यावर जाऊन पडणार. वाळूत प्रकाश काही मिलिमीटरच आत जातो, त्यामुळे वर थोडीशी वाळू साठली तरी खालचे धागे अंधारात. पाऊस पडला की ते वर सरकायचा प्रयत्न करतात, पण थर जाड असला तर तेवढी शिल्लक त्यांच्याकडे नसते. म्हणजे मी चार ठिकाणी पाय ठेवला, पण नुकसान चार ठिकाणी थांबेलच असं नाही.

भरून यायला किती वेळ? सायनोबॅक्टेरियाचा पातळ थर काही वर्षांत परत येऊ शकतो. दगडफुलासारखे लायकेन आणि मॉस परत यायला अनेक दशकं लागतात, कोरड्या जागी त्याहूनही जास्त. आणि हे पुन्हा कोणी पाय ठेवला नाही तर.

एका माणसाचं ठीक आहे हो, पण हाच हिशोब गुरांच्या खुरांचा करा. एकोणिसाव्या शतकात पश्चिम अमेरिकेत वसाहती वाढल्या, रेल्वे आली, आणि मागोमाग गुरं-मेंढ्यांचे प्रचंड कळप. कोलोरॅडोतल्या सान वान पर्वतातल्या तळ्यांच्या तळाशी गाळाचे थर आहेत, त्यात दरवर्षी उडून आलेल्या धुळीची नोंद असते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की या काळात तिथे पडणारी धूळ आधीच्या हजारो वर्षांच्या सरासरीच्या पाचपटीच्या आसपास गेली. १९३४ साली सार्वजनिक जमिनीवरच्या चराईवर बंधनं घालणारा टेलर कायदा आला, त्यानंतर धूळ थोडी कमी झाली. पण पूर्वीच्या पातळीला ती आलेली नाही.

धूळ उडाली तर बिघडलं काय? ती जाऊन पडते डोंगरावरच्या बर्फावर. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, मळका बर्फ शोषून घेतो आणि लवकर वितळतो. जमीन लवकर उघडी पडते, झाडं लवकर पाणी ओढायला लागतात, बाष्पीभवन जास्त दिवस चालतं. २०१० सालच्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की या धुळीमुळे कोलोरॅडो नदीचा पूर साधारण तीन आठवडे आधी येतो आणि वर्षाचं पाणी सुमारे ५ टक्क्यांनी कमी होतं. या नदीवर सुमारे ४ कोटी लोक अवलंबून आहेत. लास वेगास, फीनिक्स, लॉस एंजेलिस, सगळ्यांच्या नळाला तिचं पाणी येतं. सगळी धूळ काही पापुद्रा मोडल्यामुळेच येते असं नाही. शेती आहे, रस्ते आहेत, दुष्काळ आहेत. पण जी माती बांधलेली होती ती सुटी झाली, हे त्यातलं मोठं कारण आहे.

पुढे काय?

काळजीचं दुसरं कारण म्हणजे उष्णता. २०१३ साली गार्सिया-पिचेल यांच्या गटाने 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम अमेरिकेतल्या पापुद्र्यांची तुलना आहे. थंड वाळवंटांत व्हॅजिनाटसचं राज्य, उष्ण वाळवंटांत मायक्रोकोलिअस स्टीनस्ट्रुपी या दुसऱ्या जातीचं. तापमान वाढत गेलं तर याच शतकात व्हॅजिनाटसची बरीच जागा दुसऱ्याकडे जाऊ शकते. जागा घेणारा तेच काम तितक्याच चांगल्या प्रकारे करेल का, यावर कोलोरॅडो पठाराचं बरंच काही अवलंबून आहे.

माणसं गप्प बसलेली नाहीत. चीनमध्ये इनर मंगोलियातल्या वाळूच्या टेकड्यांवर मायक्रोकोलिअस व्हॅजिनाटस वाढवून शिंपडण्याचे प्रयोग झालेत आणि तिथे पापुद्रा धरलाय. अमेरिकेतही रोपवाटिकेसारख्या 'पापुद्रावाटिका' करून बघतायत. पण तिथे वेगळाच घोळ झाला. चांगली वाढलेली हिरवी वाफ्यातली माती अचानक मरायला लागली. शोध घेतल्यावर सापडला दुसरा एक जीवाणू, जो मायक्रोकोलिअसच्या पेशींत शिरून त्यांना आतून खातो. २०२२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, नाव सायनोरॅप्टर. मग कळलं की तो बाहेरच्या नैसर्गिक पापुद्र्यांतही आहे, जमिनीवर रिकामे गोल चट्टे पाडतो. थोडक्यात, मोडलेला पापुद्रा कारखान्यात बनवून आणून बसवू, इतकं हे सोपं नाही.

मंडळी, आपल्यातले बरेच जण कामानिमित्त अमेरिकेत असतात आणि लाँग वीकेंडला युटाची चक्कर ठरलेली असते. तर एवढंच लक्षात ठेवा. पायवाट असेल तर पायवाटेवरून चाला. नसेल तर उघड्या खडकावरून, किंवा पावसाचं पाणी वाहून जातं त्या वाळूच्या ओढ्यातून. तिथे पापुद्रा टिकतच नाही, त्यामुळे मोडायलाही काही नसतं. काळपट खडबडीत माती दिसली की थांबा, फोटो तिथूनच काढा.

माझा तो फोटो अजून फोनमध्ये आहे. कमान पूर्ण आलीय. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, नीट बघितलं तर, माझं पहिलं पाऊल दिसतं. बाकीचे तीन फ्रेमच्या बाहेर आहेत.

आजच्या भागापुरतं एवढंच. काही चुकलं असेल तर जरूर कळवा, पुढच्या भागात दुरुस्त करतो. भेटू!